अथ पंखमीमांसा

जुन्या शास्त्रकारांची एक शिस्त होती. ग्रंथाला हात घालण्यापूर्वी विषय कोणता, प्रयोजन काय, दोहोंचा संबंध काय आणि वाचणारा अधिकारी कोण, ही चार कलमे ते आधीच उरकून घेत. त्याच शिस्तीने सांगायचे तर प्रस्तुत ग्रंथाचा विषय प्रीमियर पद्मिनीचा रेडिएटरमागचा पंखा. प्रयोजन, बेल्टवर फिरणारा पंखा काढून तिथे विजेचा बसवावा की नाही, याचा निकाल. संबंध, गाडी घाटात उभी राहिली की न सांगता कळतो. आणि अधिकारी म्हणजे ज्याच्या दारात अशी गाडी आहे, जो ती विकायला तयार नाही आणि ज्याच्याशी या बाबतीत बोलणे घरच्यांनी सोडून दिले आहे, असा गृहस्थ.

गृहस्थ म्हटले म्हणून स्त्रियांना अधिकार नाही, असे कोणी समजू नये. या शास्त्राची आद्य आचार्या बर्था बेन्झ. १८८८ साली नवऱ्याला न सांगता त्याची मोटार काढून, दोन मुलांना बरोबर घेऊन ती मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. त्या मोटारीत इंजिनाचे पाणी उकळून वाफ होऊन जायचे, म्हणून बाई वाटेत ठिकठिकाणी पाणी भरत गेल्या. बोरघाटात बॉनेट उघडून, हातात पाण्याची बाटली घेऊन उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाची परंपरा थेट तिथपर्यंत जाते.

विषय

पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीसेक अश्वांची. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ती निवृत्त झाली; पण निवृत्त माणूस जसा घरात अधिक बोलतो, तशी खासगी मालकांकडे उरलेली पद्मिनी अधिक तापते.

का तापते, हे पाहू. पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक चाकांच्या कामी येतो, एक सायलेन्सरमधून निघून जातो आणि एक इंजिनाभोवतीच्या पाण्याच्या गळ्यात पडतो. म्हणजे गाडी पुढे ढकलायला जेवढी ऊर्जा लागते, जवळजवळ तेवढीच उष्णता नाकावरच्या रेडिएटरमधून हवेत सोडावी लागते. त्यासाठी हवा खेचणारा पंखा वॉटर पंपाच्याच दांड्यावर बसवलेला असतो. क्रँकच्या पुलीवरून निघालेला एकच बेल्ट पंप, पंखा आणि डायनामो या तिघांना फिरवतो.

पंख्याचा मूळ हेतू विसरता कामा नये. १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजसाठी आठ हजारांवर बारीक नळ्यांचा रेडिएटर तयार केला आणि त्यामागे पंखा बसवला. गाडी हळू चालत असतानाही हवा मिळावी, हे त्याचे कारण. 'हळू चालत असताना' या तीन शब्दांवरच पुढचा सगळा वाद उभा आहे.

संशय

बेल्टचा पंखा इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला. सिग्नलला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर ४,०००. पंख्यांचा सर्वमान्य नियम असा की, फेरे पाचपट झाले तर हवा पाचपट मिळते, पण पंखा फिरवायला लागणारी शक्ती घनाच्या हिशेबाने, म्हणजे १२५ पट वाढते. आता गंमत पाहा. ताशी पन्नास-साठच्या पुढे समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरेसा असतो. तिथे हा पंखा जीव तोडून फिरतो आणि इंजिनाची शक्ती खातो. दादरच्या सिग्नलला, जिथे वाऱ्याची झुळूक नाही, तिथे तो रेंगाळतो. पंगत उठल्यावर वाढायला कंबर कसणाऱ्या नातेवाइकासारखे त्याचे वर्तन असते.

पण घाटात हाच पंखा वेगळा वागतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ठणाणा करत असते, गाडी मात्र रखडत चढत असते. फेरे जास्त आणि वारा कमी, अशा नेमक्या त्या वेळी बेल्टचा पंखा आपला धर्म चोख पाळतो. मग त्याला निकम्मा ठरवायचे ते दादरवरून की खंडाळ्यावरून, हा संशय.

पूर्वपक्ष

बेल्टपंथी हे अद्वैती होत. इंजिन आणि पंखा वेगळे नाहीतच, इंजिन जिवंत तोवर पंखा जिवंत, असे त्यांचे म्हणणे. मध्ये स्विच नाही, फ्यूज नाही, रिले नाही, म्हणून मध्येच दगा देणारे काही नाही. बेल्ट सैल झाला की किंचाळून सांगतो. अंगठ्याने मधोमध दाबावा, साधारण अर्धा इंच लवला तर ठीक. एवढी परीक्षा अडाण्यालाही जमते. बेल्ट तुटलाच तर डायनामोचा लाल दिवा लागतो, म्हणजे मृत्यूची वार्ताही वेळेवर पोचते. सिग्नलला काटा चढू लागला तर काय करावे, यावर टॅक्सीवाल्यांची परंपरा स्पष्ट आहे: न्यूट्रलला टाका आणि थोडी रेस द्या. यात पेट्रोल जाते, हा आक्षेप बेल्टपंथी ऐकून घेतात आणि सोडून देतात.

उत्तरपक्ष

बॅटरीपंथी हे द्वैती. इंजिन निराळे, पंखा निराळा; ज्याला गरज असेल त्याने फिरावे. या मताचा आपल्याकडे प्रसार केला तो १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ने. तिचे इंजिन आडवे बसवलेले, पुलीचे तोंड चाकाकडे आणि रेडिएटर पुढे. बेल्टने तिकडे पोचायची सोय नव्हती, म्हणून विजेचा पंखा आला. अनेक पंथांप्रमाणे हाही तत्त्वज्ञानातून नव्हे, अडचणीतून जन्मला. त्यानंतर भंगारबाजारात असे पंखे मिळू लागले आणि जुन्या गाड्यांच्या मालकांना धर्मांतराचा मोह पडू लागला.

विधी असा. जुन्या पंख्याचे बोल्ट सोडावेत. रेडिएटरमागे पट्ट्या मारून विजेचा पंखा बसवावा. पाण्याच्या वाटेत तापमानाचा स्विच घालावा. पाणी ९२ अंशांना पोचले की चालू आणि ८७ वर उतरले की बंद, अशा जोडीचा. मधले पाच अंश अत्यावश्यक, नाहीतर पंखा क्षणाक्षणाला मत बदलत राहील. स्विचवर थेट भार टाकू नये, मध्ये रिले घालावा. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. हे जर्मन मानकातून आलेले असून त्यांचा क्रम कोणत्याही इलेक्ट्रिशियनला विचारू नये. तो पाठ म्हणून दाखवतो, अर्थ सांगत नाही. शेवटी कागदाची कसोटी. वर्तमानपत्राचे पान जाळीपुढे धरावे. पान जाळीला चिकटले तर पंखा हवा आत खेचतो आहे. पान बाहेर फडफडले तर तारा उलट्या लागल्या. पंखा समोरच्या वाऱ्याशी भांडतो आहे.

बॅटरीपंथाचा पावसाळी युक्तिवाद अधिक भक्कम आहे. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या गुडघाभर पाण्यात बेल्टचा पंखा थांबत नाही. तो तेच पाणी उचलून डिस्ट्रिब्युटरवर उडवतो आणि गाडी मध्येच बसते. विजेच्या पंख्याला एक बटण लावले की पाण्यात शिरताना त्याला गप्प बसवता येते. अद्वैतात ही सोय नाही.

तिसरे मतही नोंदवले पाहिजे. मोठ्या डिझेल गाड्यांत सिलिकोन तेलाचे कपलिंग असलेला पंखा असतो. थंड असताना तो बेल्टबरोबर सैलसा फिरतो, हवा तापली की घट्ट धरतो. जोडलेलाही आणि सुटलेलाही. हे उघड विशिष्टाद्वैत आहे, आणि त्या मताप्रमाणेच समजावून सांगायला अवघड आहे.

निर्णय

दोन्ही पक्ष एक गोष्ट लपवतात. पंखा काढला तरी बेल्ट जात नाही. पंप आणि डायनामो त्याच्यावरच आहेत. म्हणजे बेल्ट तुटण्याची काळजी होती तशीच राहिली आणि वर फ्यूज, रिले, स्विच, मोटर या चार नव्या काळज्या आल्या. पंखा १० अँपिअर घेतो, म्हणजे १२ व्होल्टला १२० वॉट. हा हिशेब किरकोळ वाटतो. पण जुन्या गाडीतला डायनामो सिग्नलला जवळजवळ झोपलेला असतो आणि पंखा फिरायची वेळ नेमकी तीच. मग पंखा बॅटरी पितो. म्हणून डायनामो काढून अल्टरनेटर घाला, असा सल्ला मिळतो. अल्टरनेटर आला की जुनी वायरिंग आठवते. इंजिन बंद केल्यावरही स्विच तापलेला असला तर पंखा फिरत राहतो आणि सोसायटीचा वॉचमन तिसऱ्या मजल्यावर येऊन सांगतो, "साहेब, गाडी चालू राहिली तुमची."

यावरून काळजीच्या अक्षय्यतेचा नियम सिद्ध होतो: जुन्या गाडीतली काळजी नष्ट होत नाही, एका अवयवातून दुसऱ्यात जाते. न्यायशास्त्रात पर्वतावरचा धूर पाहून अग्नीचे अनुमान करतात, आणि वाफेला धूर समजू नका, अशी ताकीदही नैयायिकांनी देऊन ठेवली आहे. ते बोरघाटातून गेले नसतील, पण ताकीद तिथलीच वाटते. बेल्टपंथी मालकाच्या बॉनेटमधून निघते ती वाफ. पाणी घालून, तासभर थांबून निभावते. बॅटरीपंथी मालकाच्या बॉनेटमधून निघतो तो धूर. आधी बॅटरीची तार काढावी लागते. पंखा बदलणे म्हणजे तत्त्वतः वाफ देऊन धूर घेणे.

तरीही निकाल द्यायचाच तर असा. ज्याची गाडी मुख्यतः घाटात चालते आणि जो हेडलाइटचा फ्यूजही दुसऱ्याकडून बदलून घेतो, त्याने बेल्टवरच राहावे. रेडिएटर आतून साफ करून घ्यावा, झाकणाचे रबर बदलावे, कारण झाकणाने धरलेल्या दाबामुळेच पाणी शंभरच्या पुढे जाऊनही उकळत नाही. ज्याचे आयुष्य शहरी सिग्नलवर जाते, त्याने विजेचा पंखा जरूर बसवावा. पण आधी अल्टरनेटर, मग जाड तार, मग बॅटरीजवळ फ्यूज, आणि सर्वांत शेवटी पंखा. हा क्रम उलटा करणाऱ्याला प्रायश्चित्त आहे, ते टोइंगवाला रोख घेतो. जुना पंखा आणि त्याचे बोल्ट भंगारात न देता डिकीत ठेवावेत. या शास्त्रात धर्मांतर मान्य आहे, पण परतीची वाट बंद करायला कोणत्याही आचार्याने सांगितलेले नाही.