मैलोपंत

दोन वर्षांपूर्वी माझे पित्ताशय काढून टाकण्यात आले, तेव्हा रुग्णालयात भेटीस आलेल्या यच्चयावत मंडळींत माझ्या प्रकृतीची चौकशी न करणारे गृहस्थ एकटे मैलोपंतच होते. हातातले शहाळे त्यांनी खिडकीत ठेवले, खुर्ची पलंगाजवळ ओढली, परिचारिका बाहेर गेल्याची खात्री करून घेतली आणि खलबतखान्यात बोलावे तशा आवाजात विचारले, "बिल कसं भरणार आहात?" मी गहिवरून म्हणालो की पैशांची तजवीज झालेली आहे, आपण चिंता करू नये. "ते ठाऊक आहे हो मला," ते किंचित त्रासून म्हणाले, "पण भरणार कसं? चेकबिक देऊ नका. माझं कार्ड फिरवतो, तुम्ही मला सावकाश रोख द्या." त्याप्रमाणे कार्ड फिरले, मी घरी आलो, आणि टाके निघण्याच्या सुमारास त्यांचा निरोप आला की तुमच्या पित्ताशयावर आम्ही इस्तंबूलपर्यंत पोहोचलो आहोत, तरी मूतखडा वगैरे काही निघाल्यास अवश्य कळवावे.

मैलोपंत हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे, हे सांगणे नलगे. ते आमच्या कोथरूडच्या सोसायटीने त्यांना बहाल केले आणि एखाद्या संस्थानिकाने किताब स्वीकारावा तसे त्यांनी ते स्वीकारले. जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात हयात घालवून ते लेखाधिकारी म्हणून सेवानिवृत्त झाले. त्या प्रदीर्घ कारकिर्दीत, दुसऱ्यांची प्रवासभत्त्याची बिले तपासणे आणि "सदर अंतर पायी जाण्याजोगे आहे" असा लाल शाईतला शेरा मारून ती नामंजूर करणे, हेच त्यांचे मुख्य कर्तव्य असल्यामुळे, प्रवास हा मनुष्याने करावा, परंतु त्याचा खर्च कोणत्याही परिस्थितीत मंजूर होऊ नये, हे तत्त्व त्यांच्या हाडीमांसी खिळले. विमान कंपन्यांचे मैल जमवून युरोपला फुकट जाण्याचा मार्ग जेव्हा त्यांना कोणी दाखवला, तेव्हा हे तत्त्व केवळ आपल्यासाठी सात समुद्रांपलीकडे सिद्ध होऊन बसले होते, याचा त्यांना साक्षात्कार झाला.

१ मे हा दिवस ते दुहेरी पावित्र्याने पाळतात. सकाळी सोसायटीच्या ध्वजवंदनास हजर असतात, महाराष्ट्राच्या स्थापनेबद्दल दोन शब्दही बोलतात. परंतु पेढा हाती ठेवताना हळूच सांगतात की १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या नित्याच्या प्रवाशांना उडालेल्या मैलांचा मोबदला देण्याची योजना याच तिथीला सुरू केली, आणि त्यानंतर आठवडा उलटण्याच्या आतच युनायटेडला तिचे अनुकरण करावे लागले. त्या काळी मैल हा खरोखरीच मैल होता. जितके अंतर उडावे तितका तो जमा व्हावा. पुढे २०१५-१६ च्या सुमारास मोठमोठ्या अमेरिकन कंपन्यांनी अंतराचा हिशेब सोडून खर्चिलेल्या डॉलरांवर मैल देण्यास आरंभ केला, आणि घरी बसून कांदे-बटाटे घेणाऱ्या मनुष्यालाही बँकेच्या कार्डामार्फत ते मिळू लागले होतेच. ज्या मैलाला आपल्या सरकारने १९५६ च्या कायद्याने मोडीत काढले, तो असा एक पाऊलही न टाकता परत आला, याचे मला राहून राहून नवल वाटते. मैलोपंतांना वाटत नाही.

त्यांचे दप्तर एकदा पाहण्यासारखे आहे. संगणक असताना, भ्रमणध्वनी असताना, लाल कापडी बांधणीची एक लांबट चोपडी ते स्वहस्ते लिहितात आणि लक्ष्मीपूजनास इतर वह्यांसोबत तीही पाटावर मांडतात. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. मधल्या अरुंद रकान्यात बँकेचे गुण विमान कंपनीच्या मैलांत रूपांतरित होताना पडणारा बट्टा. 'बट्टा' हा जुन्या सराफकट्ट्यावरचा शब्द या व्यवहाराला किती चपखल बसतो, हे मला त्या रकान्यापुढेच उमगले. आणि 'रिडीम' या क्रियापदासाठी त्यांनी योजलेला मराठी शब्द तर कोशकारांनी मुजरा करावा असा आहे: मैल 'सोडवणे'. सावकाराकडे गहाण पडलेली पाटली सोडवावी तसे. "अठरा हजार सोडवले, नऊ अडकलेत," असे ते जिन्यात भेटल्यावर सांगतात, आणि नवखा माणूस सहानुभूतीने त्यांच्याकडे बघतो.

वहीच्या शेवटच्या पानावर मुदती आहेत. पुण्य क्षीण झाले की स्वर्गस्थाला मृत्युलोकी परतावे लागते, हे आपण कीर्तनातून ऐकत आलो. परंतु सिंगापूर एअरलाइन्सचे मैल तीन वर्षांनी क्षीण होतात आणि तेही विवक्षित महिन्याच्या अखेरीस, इतकी नेमकी कालमर्यादा पुराणकारांनाही घालता आली नव्हती. आत्म्याच्या अमरत्वाविषयी मात्र मैलोपंतांची खात्री २०१९ साली पटली. त्या वर्षी १७ एप्रिलच्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी मी खरोखरच समाचाराला गेल्यासारखा गेलो, तर ते शांतपणे चहा पीत बसले होते. मैलांचा कारभार पाहणारी कंपनी निराळी असल्यामुळे विमाने गेली तरी मैल शाबूत राहिले होते. देह पडला, पण संचित उरले. "नैनं वगैरे जे म्हणतात ना," ते म्हणाले, "ते हेच."

या पंथालाही त्याचा आदिपुरुष आहे. १९९९ साली कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याच्या ध्यानी आले की पुडिंगच्या डब्यांवरील चिठ्ठ्या पाठवल्यास जे मैल मिळतात, त्यांची किंमत खुद्द पुडिंगहून कितीतरी अधिक आहे. तेव्हा त्याने बारा हजारांवर डब्या खरेदी केल्या, पुडिंग एका धर्मादाय संस्थेस दान दिले, चिठ्ठ्या सोलण्याचे काम त्या संस्थेच्याच स्वयंसेवकांकडून करून घेतले आणि साडेबारा लाख मैल पदरात पाडून घेतले. ही कथा मैलोपंत सत्यनारायणाच्या चौथ्या अध्यायाच्या भक्तिभावाने सांगतात. तिचे अनुकरण करण्यासाठी त्यांनी एकदा पाचपट गुणांच्या मुदतीत बत्तीस कॅसरोल खरेदी केले. तेव्हापासून आमच्या सोसायटीत झालेल्या प्रत्येक मुंजीला, बारशाला आणि एका एकसष्टीला फिक्या गुलाबी रंगाचा, झाकणावर सूर्यफूल असलेला तोच तो कॅसरोल आहेर म्हणून गेला आहे. आमच्या घरी दोन आहेत. त्यांतल्या एकाचे झाकण बसत नाही.

शहाणपण वाटण्यात मात्र त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. "लंडनला उतरावं, लंडनहून उडू नये," हे त्यांचे वचन सोसायटीतील लहान मुलांनाही पाठ आहे. कारण ब्रिटिश सरकार १९९४ पासून आपल्या भूमीवरून उडणाऱ्या प्रवाशावर कर बसवत आले आहे, उतरणाऱ्यावर नाही, आणि तो मैलांवर मिळवलेल्या तिकिटालाही चुकत नाही. ज्या पोरांना अद्याप लोणावळ्यापलीकडचा प्रवास घडलेला नाही, ती क्रिकेट खेळता खेळता हे वचन घोकतात.

आता वहिनींविषयी. मैलांच्या त्या योजनेचा आरंभ ज्या १९८१ साली झाला, त्याच साली 'सिलसिला' हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यातील हॉलंडच्या क्यूकेनहॉफ बागेतले ट्यूलिपचे ताटवे वहिनींनी लग्नाआधी, मैत्रिणींसोबत, तिसऱ्या रांगेत बसून पाहिले. आयुष्यात त्यांनी मागितले ते इतकेच: ते ताटवे एकदा पाहायचे. ही बाग वर्षातून जेमतेम आठ आठवडे, मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत उघडी असते. सबब एप्रिलमधली दोन आसने हवी होती, आणि मैलांवरची आसने म्हणजे लग्नाच्या पंगतीतील जिलेबी नव्हे. प्रत्येक विमानात ती मोजकी असतात, आणि ब्रिटिश एअरवेजसारख्या कंपन्या ती प्रवासाच्या ३५५ दिवस आधी, लंडनच्या घड्याळात मध्यरात्र झाली की खुली करतात. लंडनची ती मध्यरात्र म्हणजे आपली काकडआरतीची वेळ. एके पहाटे दूध घ्यायला उतरलो असता त्यांच्या खिडकीत दिवा दिसला म्हणून मी डोकावलो. गळ्यात मफलर, कपाळावर चष्मा, एका हाताची तर्जनी कळीवर रोखलेली, दुसऱ्या हातात लाल चोपडी. आणि मागे, भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपलेल्या वहिनी, कारण त्यांचे कार्ड, त्यांचा भ्रमणध्वनी आणि त्यावर येणारा सहा आकडी सांकेतिक क्रमांक यांसाठी त्यांची उपस्थिती आवश्यक होती. अकरा पहाटा अशा गेल्या. एकदा एक आसन मिळाले. "तू पुढे जा," मैलोपंत म्हणाले, "मी बघतो मागाहून काय होतं ते." वहिनी उठून आत गेल्या, एवढेच मला ठाऊक आहे.

अखेरीस आसने मिळाली ती इथिओपियन एअरलाइन्सवर, अदिस अबाबामार्गे फ्रँकफर्टची, आणि ती २६ मेची. एअर इंडिया २०१४ साली ज्या स्टार अलायन्समध्ये दाखल झाली, त्याच संघात इथिओपियनही असल्यामुळे एकीचे मैल दुसरीकडे चालतात, हा या व्यवहाराचा कायदेशीर आधार मला नकाशासह समजावून सांगण्यात आला. युरोपला जाताना वाटेत आफ्रिका कशी लागते, हे त्या नकाशावरून समजले नाही. मी भीत भीत विचारले की बाग तर मेच्या मध्यालाच मिटते. त्यावर मैलोपंतांनी माझ्याकडे एकेकाळी प्रवासभत्त्याच्या अर्जदाराकडे पाहत असतील तसे पाहिले आणि म्हणाले, "फुलं पुढल्या वर्षीही येतील. ही दोन सीटं आली असती का?"

फुकट तिकिटाचा खर्च हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. तिकिटावरचे कर आणि इंधनाचा अधिभार रोखीने द्यावे लागले. कार्डाची वार्षिक वर्गणी भरावी लागली. पुण्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंत मोटार करावी लागली. लक्झेंबर्गमधील ज्या शेंगेन नावाच्या खेड्यात १९८५ साली युरोपीय राष्ट्रांनी सरहद्दी उठवण्याचा तहनामा केला, त्याच्या नावचा परवाना माणशी ९० युरोंना पडला, आणि त्यासोबत किमान ३०,००० युरोंचा विमा बंधनकारक निघाला. त्या विम्याच्या कलमांत परदेशी मृत्यू ओढवल्यास देह स्वदेशी आणण्याच्या खर्चाची तरतूद होती. वहिनींनी ते कलम वाचून देवाचे नाव घेतले. मैलोपंतांनी कंपनीस दूरध्वनी करून, हप्त्यावर गुण मिळतात की नाही, तेवढे विचारून घेतले. मिळत नव्हते. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी ही सर्व बेरीज मांडून दाखवली, तेव्हा तिच्यातील रास्त आकडे त्यांनी मान्य केले, परंतु ती बेरीज करण्याचा माझा अधिकार मान्य केला नाही. "तिकीट फुकट आहे," ते म्हणाले. "बाकीचा खर्च झाला तो प्रवासाचा."

प्रवासाचे वर्णन ते फारसे करीत नाहीत, आणि करतात तेव्हा ते विमानतळांचेच असते. मुंबईच्या लाउंजमध्ये रात्री दोन वाजता, झोपेने डोळे मिटत असताना, केवळ कार्डावर मोफत होती म्हणून त्यांनी इडली दोनदा खाल्ली. वहिनींनी बरोबर घेतलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या तशाच राहिल्या. अदिस अबाबा २,३०० मीटरांहून अधिक उंचीवर, म्हणजे महाबळेश्वराच्याही कितीतरी वर असल्याने तिथे पहाटे गारठा होता; वहिनींनी शाल काढली, पुऱ्यांचा डबा उघडला, आणि समोर बसलेल्या एका अनोळखी इथिओपियन आजीबाईंना दोन पुऱ्या दिल्या. आजीबाईंनी त्यांच्या हाताला कपाळ लावले. सबंध यात्रेतील हाच एक प्रसंग वहिनी आपण होऊन सांगतात. त्या तो सांगू लागल्या की मैलोपंत घड्याळाकडे पाहतात.

फ्रँकफर्टहून आगगाडीने ते ॲम्स्टरडॅमला गेले आणि एके दिवशी क्यूकेनहॉफच्या बंद फाटकापर्यंतही जाऊन आले. तिथे काढलेले एक छायाचित्र मी पाहिले आहे. फाटकाआड हिरवी झाडी आहे, फूल एकही नाही. पुढे वहिनी उभ्या आहेत, हातात पर्स घट्ट धरलेली, चेहरा असा, की एखाद्या परिचिताच्या घरी जावे आणि कुलूप दिसावे. छायाचित्राच्या कडेला मैलोपंतांचा अर्धा खांदा आला आहे. त्यांची मान खाली आहे, कारण परतीच्या इस्तंबूलमार्गे तिकिटाची काहीतरी सूचना त्याच क्षणी भ्रमणध्वनीवर आली होती.

वहिनी यावर एक शब्द बोलल्या नाहीत. पुण्यास परतल्यावर आठवड्याने त्या एकट्याच लक्ष्मी रोडला म्हणून बाहेर पडल्या आणि वाटेतल्या एका सहल कंपनीच्या कचेरीत शिरून येत्या एप्रिलच्या हॉलंड सहलीत एक जागा नोंदवून आल्या. विमान मुंबईहून थेट आहे, वाटेत आफ्रिका नाही. रक्कम त्यांच्या स्वतःच्या मुदतठेवीतून गेली. परंतु ती मैलोपंतांच्या कार्डावरून भरली गेली असून, तिचे गुण लाल चोपडीच्या डाव्या पानावर पुढील महिन्याच्या पाच तारखेस जमा व्हावयाचे आहेत.