चौकटीत उत्तर लिहिणाऱ्या चिरंजीवांस

चि. परीक्षार्थी यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवाच्या सराव परीक्षेत तू 'एक्स स्क्वेअर गुणिले साइन एक्स'चं डेरिव्हेटिव्ह '2 एक्स कॉस एक्स' काढलंस आणि त्याभोवती पट्टीने दुहेरी चौकट आखलीस. बाकीचं मी पोटात घातलं. पाय स्क्वेअरचं तू 2 पाय केलंस; पाय बिचारा स्थिर संख्या, त्याच्या वाट्याला शून्यच यायचं. साइनच्या आत एक्स स्क्वेअर होता, त्याचं 2 एक्स बाहेर काढायला विसरलास. चालायचंच.

पण ही चौकट! दोघांचं वेगवेगळं डेरिव्हेटिव्ह काढायचं आणि गुणून मोकळं व्हायचं, हा तुझा कायदा भलताच सोयीचा. मग एक्स गुणिले एक्स घे. याचं 1, त्याचं 1, गुणाकार 1. म्हणजे एक्स स्क्वेअरचा आलेख सरळ रेष! आजवर पॅराबोला काढणारे सगळे खुळेच म्हणायचे. हे पडताळायला अर्धं मिनिट पुरलं असतं. चौकटीला त्याहून जास्त लागलं असेल.

आयताकृती शेत डोळ्यांसमोर आण. लांबी किंचित वाढली की एका कडेला पट्टी वाढते, रुंदी वाढली की दुसऱ्या. या दोन पट्ट्यांची बेरीज म्हणजे प्रॉडक्ट रूल. तू दोन्ही पट्ट्या सोडून कोपऱ्यातला चिमुकला तुकडा उचलून आणलास, जो लिमिट घेताना उरतही नाही.

खरं सांगू? डोकं फिरतं ते तुझ्या क्लासच्या लॅमिनेट केलेल्या फॉर्म्युला चार्टने. 'असं का?' विचारलं की 'पोर्शन संपवायचाय' म्हणतात. एवढाल्या फिया घेता, आणि एक आयत फळ्यावर काढायला दोन मिनिटं नाहीत? पोरांनी शेवटी अंदाजच करायचा ना!

आणि अंदाजाचं म्हणशील, तर ज्याच्या डीवाय बाय डीएक्सने तुला छळलंय, त्या लायब्निट्सलाही नोव्हेंबर 1675 च्या टिपणांत हीच शंका आली होती. त्याने पडताळून पाहिलं, जुळेना, नाद सोडला. बरोबर नियम 1684 साली छापला. तेव्हा चूक खानदानी आहे तुझी. मार्क मात्र शून्य. 'स्टेपचे तरी द्या' म्हणत स्टाफरूममध्ये येऊ नकोस; यायचंच तर एक्स, साइन एक्स आणि लॉग एक्स या तिघांच्या गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह काढून आण.

कळावे,
तुझा पेपर तपासनीस

ता. क. भागाकाराचं पान अजून उलटलेलं नाही. आधी चहा घेतो.