लोडेड बटाटा, मुक्काम म्हसावद

म्हसावदच्या सूनबाईंनी रात्रीच्या जेवणाला ‘लोडेड बटाटा, टाको स्टाइल’ जाहीर केला की शहाद्याहून चीज येतं आणि मेक्सिकन मसाल्याची पुडी. पुडीत काय? लाल तिखट, जिरं, लसूण, मीठ. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर नजर पोचेल तिथपर्यंत लाल मिरची वाळत पडलेली असते, पण तिच्यावर मेक्सिकोचा शिक्का नाही ना! वास्तविक मिरची, मका, टोमॅटो, बटाटा ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीजांच्या काळात आली, इथलं मीठ खाऊन खानदेशी झाली. आता त्यांना पुन्हा फॉरेनची करायला पुडीचे पैसे मोजायचे.

ओव्हनला तासभर लागतो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. मग सासूबाई मुकाट्याने बटाटे भरताच्या वांग्यांच्या शेजारी निखाऱ्यांत खुपसतात. साल करपते, आत लोणी. चीर देऊन राजमा, कांदा-टोमॅटो, चक्का. लिंबू नसलं तर धडगावकडचा आमचूर. वर चीजचा डोंगर, फोटो, पुन्हा फोटो.

सासरे दोन बटाटे संपवून हात न धुता बसून राहतात. ‘झकास झालंय बेटा. आता कळण्याची भाकर वाढ.’