देवळाला तांत्रिक मान्यता

आपला कायदा मोठ्या नजरेचा. १९९५ साली त्याला अपंगत्वाचे ७ प्रकार दिसायचे, २०१६ साली २१ दिसू लागले. वर्गात मात्र दोनच प्रकारची पोरं असतात: 'हुशार' आणि 'लक्ष नाही'. फळा दिसत नाही, त्याचं लक्ष नाही. ऐकू येत नाही, त्याचं लक्ष नाही. घरी गोरमाटी बोलणारी तांड्यावरची पोर पहिलीत आठवडाभर गप्प बसली, तर तिचंही नाही.

मास्तरांना तरी किती बोलायचं? चार वर्ग, दोन शिक्षक, त्यातला एक कायम ऑनलाइन माहिती भरतोय. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालय २०२१ साली म्हणालं. आमच्याकडचा विशेष शिक्षक बहुधा मोटारसायकलवर असतो. एका शाळेत टेकला, की दुसरीकडून फोन.

आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला, कीर्तन करणाऱ्या नामदेवांना 'मागे जा' म्हणून हाकललं होतं. ते मागे गेले, तर अख्खं देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, अशी कथा. नरसीच्या शिंप्याच्या पोरासाठी एवढा दगड हलला! तेव्हा शिक्षण विभाग नव्हता म्हणून जमलं. आज फिरण्याचा प्रस्ताव तीन प्रतींत लागला असता, केंद्रप्रमुखांची शिफारस, बांधकामची तांत्रिक मान्यता. आणि तोवर नामदेवांना 'गृहाधारित शिक्षण' मंजूर.

मागच्या बाकावरच्या पोराला पुढे बसवायला कुणाचीच मान्यता लागत नाही, खर्चही शून्य. पण शून्याचं बिल निघत नाही. रॅम्पचं निघतं. फूटभर चढायला बारा फूट उतार हवा, हा नियम. कंत्राटदार तीन फुटांत आटोपतो. त्यावरून चाकाची खुर्ची वर जात नाही, खाली मात्र झकास येते. तरी माहितीच्या रकान्यात 'रॅम्प: आहे'. 'दिव्यांग स्वच्छतागृह: आहे'. तेही खरंच असतं हो! कुलूप लावलेलं, आत मोडके बाक, किल्ली हेडमास्तरांच्या घरी.

३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन. पाहुणे रॅम्पवरून धापा टाकत चढतात. ज्याच्यासाठी कार्यक्रम, त्याला सातवीतल्या दोघांनी पायऱ्यांवरून उचलून आणलेलं असतं, रोज आणतात. फोटोच्या वेळी त्या दोघांना सांगतात, "बाजूला व्हा रे, साहेब झाकले जातायत."