परवाना आणि परड

सेवानिवृत्तीनंतर प्रकृतीच्या हितास्तव रोज निदान एक कोस चालावे, असा डॉक्टरी हुकूम ज्या दिवशी सुटला, त्याच दिवशी माझ्या मनात पिस्तुलाची वासना उत्पन्न झाली. कारण धनजच्या शिवारात फिरणे म्हणजे सोयाबीनच्या धुऱ्यावरून फिरणे, आणि श्रावण-भाद्रपदात धुऱ्यावरून फिरणे म्हणजे नाग, मण्यार, फुरसे आणि घोणस, जिला आम्ही वऱ्हाडकर परड म्हणतो, या चौघांच्या पिढीजात वहिवाटीत विनापरवाना शिरणे होय. त्यातच अमेरिकेतील भटके लोक सापांसाठी बारीक छऱ्यांची खास काडतुसे रिव्हॉल्व्हरात भरून रानोमाळ हिंडतात असे वाचनात आले, आणि आपला जन्म चुकीच्या तालुक्यात झाला याविषयी माझी खात्री पटली.

शस्त्राची निवड फारशी लांबली नाही. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सरकारने सामान्य इसमास वर्ज्य केलेले. तेव्हा नजर गेली ती कानपूरच्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरावर, आणि त्यातही २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून काढलेल्या, अर्धा किलो वजनाच्या ‘निर्भीक’वर. किंमत सव्वा लाखाच्या घरात ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तेवढ्यात मी अंगणाला फरशी घालून देते. तिथंच फिरा.”

तरीही मी एका दप्तरात चौकशीस गेलो. तेथील कारकून अतिशय अदबीने बोलले. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. आपल्याकडे रानडुकरांचा उपद्रव आहे काय? मी म्हटले, पीक नव्हे, मी स्वतः. मग जीवितास धोका कोणापासून? सर्पापासून. इसम मजकुराविरुद्ध पूर्वी काही फिर्याद? नाही. यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने माझ्यापासून त्यालाच संरक्षण दिलेले आहे, ही बाब करुणार्द्र स्वरात माझ्या निदर्शनास आणली. कोरा अर्ज घडी करून मी खिशात घातला.

परवाना मिळेपर्यंत हाताला सवय असावी म्हणून अंगणात रंगीत तालीम आरंभिली. सायकलची फाटकी ट्यूब वेटोळे करून ठेवली, पट्ट्यात रिव्हॉल्व्हराऐवजी चष्म्याची लोखंडी डबी खोचली, आणि नातवास आकडे मोजावयास सांगितले. डबी उपसून, नेम धरून मी ‘ठो’ म्हटले, तोवर तो अकरावर पोहोचला होता. ट्यूब मात्र, तिच्या सौजन्याची तारीफ केली पाहिजे, जागची हलली नव्हती. शिवाय एक गोष्ट ध्यानात आली, जी त्या अमेरिकन लेखात कोठेच नव्हती: सर्प जेथे असतो तेथून वीतभरावर आपला अंगठा असतो, आणि दोहोंत अंगठाच अधिक स्थिर.

शेतावरच्या आमच्या वृद्ध गड्यास हा बेत कळला तेव्हा तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला. “गुरुजी, बार कायले? काठी आपटत चाला. जमिनीची धमक समजते त्याले. रातच्याले बॅटरी घ्या, पायात बूट घाला, आन् घरी खाटीवर झोपा. मण्यार निजल्या मानसाच्या अंथरुनात येते.” हे ज्ञान सव्वा लाखाच्या मानाने फारच स्वस्त असल्याने मला तितकेसे पटले नाही.

पुढल्याच आठवड्यात, दिवेलागणीस, धुऱ्यावरच्या वाळक्या पऱ्हाट्यांतून कुकरची शिट्टी अडकून नुसती वाफ सुटावी तसा फूत्कार आला. माझा हात, तालमीच्या पुण्याईने, विद्युद्वेगाने कमरेला गेला आणि डबी उपसून मी नेम धरला.

“गुरुजी, दोन पावलं मांगं या,” गडी हळूच म्हणाला. “तिले जाऊ द्या.” आम्ही मागे सरलो. पऱ्हाट्या सळसळल्या, थांबल्या, पुन्हा सळसळल्या.

घरी आल्यावर नातवाने विचारले, “आजोबा, केवढी होती?” मी दोन्ही हात भरपूर फाकून दाखवले. चष्मा डबीतच राहिला होता, हे त्यास सांगितले नाही.