यंदा पाणी तुंबणार नाही!

दर मे महिन्यात मुंबईला सांगितलं जातं की नालेसफाई झाली, यंदा पाणी तुंबणार नाही. मुंबईकर त्यावर विश्वास ठेवतो. या विश्वासाचं कौतुक व्हायलाच हवं.

पहिलं कौतुक हे की, तो गणिताला घाबरत नाही. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ओहोटीच्या वेळी ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेतील, एवढ्याच बेताच्या. ही क्षमता दुप्पट करायला सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल आला 1993 साली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा तो अहवाल बारा वर्षांचा झाला होता. हे आकडे शेजारी शेजारी मांडले, तर कच्च्या मनाची आशा जागच्या जागी मान टाकेल. आपली तग धरून आहे.

दुसरं कौतुक हे की, तो समुद्रालाही बधत नाही. या शहराचा बराच भाग भराव घालून उभा राहिलेला. त्यातला हिंदमाता परिसर तर बशीसारखा खोलगट. भरती चढली की वाहिन्यांची समुद्राकडची तोंडं बुडतात. मग पाणी बाहेर पडत नाहीच, आणि जिथे झडपा नाहीत तिथे समुद्रच आत शिरतो. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आणि वेळा पावसाळ्याआधीच वर्तमानपत्रांत छापून येतात. भरती दिलेल्या वेळेला येते. आपण दरवर्षी नव्याने चकित होतो.

तिसरं कौतुक धैर्याचं. चपला एका हातात, डब्याची पिशवी छातीशी, पाणी गुडघ्याच्या वर. पुढचं पाऊल टाकण्याआधी पायाच्या अंगठ्याने खालचा रस्ता चाचपायचा. लोक अशा पाण्यातून कामावर जातात, कारण खाडा झाला तर पगार कापला जातो. 29 ऑगस्ट 2017च्या पावसात असंच घराकडे चालत निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. त्यांचा मृतदेह वरळीला सापडला.

इथे मात्र कौतुकाचे शब्द संपतात. ज्या विश्वासाची किंमत अशी मोजावी लागते, तो आता सोडायला हवा.

मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर मुंबईच्या सखल भागात पाणी साचणारच. हे मान्य केलं तिथे काम पुढे सरकलं. हिंदमाताचं पाणी भरती उतरेपर्यंत साठवता यावं म्हणून दादर-परळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या गेल्या. पाणी येणार, हे गृहीत धरलं म्हणूनच ते ठेवायचं कुठे, हा प्रश्न कुणाला तरी पडला.

तसंच सगळीकडे व्हावं. कुठल्या चौकात, किती पावसाला, किती तास पाणी राहील, ते पावसाळ्याआधीच जाहीर व्हावं. प्रत्येक मॅनहोलच्या झाकणाखाली जाळी असावी. मोठी भरती आणि अतिवृष्टीचा इशारा एकत्र आले, की शाळा-कचेऱ्या आदल्या रात्रीच बंद ठेवाव्यात आणि त्या दिवसाचा कुणाचाही पगार कापू नये. आणि एखादा अधिकारी स्वच्छ म्हणाला, 'इथे पाणी भरणार, या दिवशी येऊ नका,' तर त्याला नालायक ठरवू नये. खरं बोलणाऱ्यालाच आपण झोडपत राहिलो, तर पुढच्या वर्षी आपल्याला पुन्हा गोड तेवढंच ऐकवलं जाईल.