मास्तरांच्या परसातला खड्डा

"अहो वहिनी, बघितलंत का मास्तरांच्या धाकट्याला? आज पुन्हा पहार घेऊन उतरलाय."

"मला आपलं वाटलं, शोषखड्डा काढतोय."

"अख्ख्या गल्लीला तसंच वाटलं! भाजीचा वाफा आहे म्हणे तो. वीस फूट लांब, पाच फूट रुंद. आधी एका चराची एक फूट माती काढून बाजूला ठेवायची, खालचा फूटभर थर पहारीनं जागच्या जागी खिळखिळा करायचा, तो वर आणायचा नाही. मग पुढच्या चराची माती या चरात. वरून कंपोस्ट. आणि एकदा वाफा झाला की त्यावर कुणी पाय द्यायचा नाही. परवा मी कढीपत्ता तोडायला गेले, तर लांबूनच ओरडला, 'काकू, वाटेवरून!'"

"काळ्या मातीत एवढं खोल? ढेकळं निघतील."

"निघालीच की. पाऊस उघडला त्याच दिवशी गडी कुदळ घेऊन हजर. घाव घालावा तर पातीला हा एवढा गोळा. मास्तर सोप्यात बसून बघत होते, चकार शब्द नाही. चांगला वाफसा आला तेव्हा मूठभर माती दाबून बघितली आणि म्हणाले, 'आता उतर.'"

"मेथी मात्र नजर लागावी अशी आलीय हो. आणि कोबीला ओळीच नाहीत."

"तिरकी लावतो, त्रिकोणात. गड्डा धरायच्या सुमाराला पानाला पान टेकतं, खाली ऊन पोचत नाही. ओल टिकते, तणही डोकं वर काढत नाही."

"ते झालं. पण निम्म्याहून जास्त जागेत ज्वारी नि मका कशाला? भाजी लावली असती तर चार पैसे तरी सुटले असते."

"सूनबाईंचं भांडण त्यावरूनच चाललंय! त्याचा हिशेब असा, की दहातले सहा वाफे ज्वारी-मक्यासारख्यांचे; कणीस आपल्याला, ताटं खताला. तीन वाफे रताळी-बटाट्याचे, पोटाला. भाजीला राहिला एक. मी म्हटलं, अरे, शेणखताची ट्रॉली टाकून घे की. तर मला थेट पॅरिसला घेऊन गेला."

"पॅरिसला?"

"तिथले माळी शेदीडशे वर्षांपूर्वी घोड्याच्या लिदीवर अशीच दाटीवाटीनं भाजी काढायचे, थंडीत रोपांवर काचेच्या घंटा झाकून. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, लीद संपली, धंदा बसला. आणि इथं? आपल्या गल्लीत आता म्हशी किती उरल्यात, सांगा. खत बाहेरून आणलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी रानातून आलेलं असतं, असं त्याचं म्हणणं. मला पटलं बाई. त्या माळ्यांची रीत अॅलन चॅडविक नावाच्या इंग्रजानं 1967 साली कॅलिफोर्नियात नेली. हा पूर्वी शेक्सपिअरच्या नाटकांतला नट! तिथून जॉन जेवन्सनं ती उचलली, 1974 ला पुस्तक काढलं. धाकट्याच्या उशाशी असतं ते."

"त्याला कॅलिफोर्निया कशाला हवं? आपल्या कोल्हापूरचे दाभोळकर सर, श्री. अ., काय वेगळं सांगत होते? गणिताचे प्राध्यापक, पण माती हेच त्यांचं गणित. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं घर नीट चालतं म्हणायचे. त्यांच्या प्रयोग परिवारातल्या लोकांनी तासगावकडं द्राक्षं कशी पिकवून दाखवली! आमचे सासरे जायचे त्या बैठकांना."

"हे तुम्ही मास्तरीणबाईंना सांगा, त्यांना बरं वाटेल. त्यांना वाटतं, पोरगं नोकरी सोडून परदेशी खूळ घेऊन आलं. मला विचाराल तर रीत खरी आहे, पण कंबर पाहिजे. आजच्या रोजानं गडी लावून एक वाफा खणून घेतला, तर मेथीची जुडी कितीला विकायची? घरच्या माणसानं घाम गाळला तरच जमायचं. पुढच्या खेपेला एवढं खणावं लागत नाही म्हणतो, माती मोकळी झाली की वरवर हलवली तरी भागतं. बघू."

"आणि ज्वारीवर चिमण्या?"

"सकाळी सूनबाई डबा वाजवत उभ्या असतात. नवऱ्यावरचा राग डब्यावर. आणि हो, तुमच्या आंब्याखालचा पाला उद्यापासून जाळू नका. त्याला कंपोस्टला हवाय. मी तुमच्या वतीनं कबूल करून टाकलंय, पोत्याला दोन जुड्या मेथी."

"पाला आमचा, आणि जुड्या?"

"एक तुमची, एक माझी. बोलणी कुणी केली?"